काठी कलमाला बांधावी, मुलाच्या पाठीत घालू नये

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात कोणत्याही कास्तकाराच्या घरी जा, आईबापांची तक्रार बहुधा एकच असते. "पोराचं ध्यानच नाही." दुकानातून मीठ, माचीस व चहापत्ती आणायला सांगावे, तर पोरगा मीठ तेवढे घेऊन येतो. संत्र्याच्या आळ्यात पाणी सोडून "जरा लक्ष ठेव" म्हणावे, तर इकडे आळे फुटून पाणी वाहते आणि तिकडे पोर धुऱ्यावर खेळत असते. वही घरी राहते, डबा शाळेत राहतो. परीक्षेच्या आदल्या रात्री दहा वाजता आठवते की, पुस्तक मित्राकडेच राहिले.

यावर घरात दोन प्रकारचे निकाल दिले जातात. कोणी म्हणतो, "मुद्दाम करतो, माजला आहे." कोणी म्हणतो, "जाऊ द्या, डोक्यानेच ढ आहे, वावरात लावा." पहिल्या निकालाची शिक्षा चापट. दुसऱ्या निकालाची शिक्षा त्याहून मोठी, कारण त्यात शाळाच सुटते. आमच्या मते हे दोन्ही निकाल बहुतेक वेळा चुकीचे असतात. मुलाची बुद्धी कमी नसते व त्याचा हेतूही वाईट नसतो. बुद्धीला कामाला लावणारी जी शक्ती आहे, ती त्या वयात पुरती वाढलेली नसते. ती वाढायला वर्षे लागतात आणि वाढताना तिला आधार लागतो.

हा विचार आजच करण्याचे एक कारण आहे. २०१९ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या मुलास नापास करून त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. आपल्या मध्य प्रदेशात या दोन्ही वर्गांच्या परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर होतात. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलावर "नापास" हा शिक्का बसू शकतो. ज्या वयात मुलाला आपला दिवस आखणे जमत नाही, त्याच वयात त्याचा निकाल लागतो. अशा वेळी घरच्यांनी काय करावे, हे ठरवणे जरूरीचे आहे.

मनाचा कारभारी

मोठ्या घरात धान्य भरपूर असते, माणसे कामाची असतात, बैल तगडे असतात. पण कारभार पाहणारा कोणी नसेल, तर पेरणीच्या दिवशी बियाणे सापडत नाही. मुलाच्या मनाचेही असेच आहे. आठवण, बुद्धी, हौस हे सगळे असते. त्यांना वेळेवर कामाला लावणारा कारभारी मात्र हळूहळू मोठा होतो. मानसशास्त्रज्ञ या कारभाऱ्याची तीन कामे सांगतात.

पहिले काम मनात धरून ठेवण्याचे. तीन जिनसांची नावे दुकानापर्यंत लक्षात ठेवणे, किंवा तोंडी हिशेबात हातचा एक न विसरणे, हे याच शक्तीचे काम. दुसरे काम मन आवरण्याचे. खेळ दिसला तरी हातचे काम न सोडणे, गुरुजींचा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर न ओरडणे, रविवारच्या मिस्सेला तासभर एका जागी बसणे, हे सगळे त्यात येते. तिसरे काम मन वळवण्याचे. एक रीत चालत नसेल तर दुसरी करून पाहणे, बेरजेवरून वजाबाकीवर येताना चूक न करणे. या तिन्ही शक्ती एकत्र आल्या म्हणजे मग माणसाला आखणी जमते. आधी काय, मग काय, किती वेळ लागेल, मध्ये अडले तर काय करायचे, हे ठरवता येते.

मेंदूचा जो भाग कपाळाच्या मागे असतो, त्याचा या कामात मोठा वाटा आहे. शरीराच्या मानाने हा भाग फार सावकाश पिकतो. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांपर्यंत चालू राहते, असे मेंदूची चित्रे घेऊन केलेल्या अभ्यासांतून दिसले आहे. मिसरूड फुटले, आवाज फुटला, पोरगा बापाच्या खांद्याला लागला, म्हणून त्याचा कारभारीही तेवढाच मोठा झाला असे समजू नये.

वय आणि अपेक्षा

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांनी लहान मुलांसाठी पत्त्यांचा एक सोपा खेळ तयार केला. पत्त्यांवर रंगीत चित्रे असतात. आधी मुलास सांगतात, "रंगाप्रमाणे पत्ते लाव." ते मूल लावते. मग सांगतात, "आता रंग सोड, चित्राप्रमाणे लाव." तीन वर्षांची बहुतेक मुले तरीही रंगाप्रमाणेच लावत राहतात. गंमत अशी की, "आता नियम काय?" असे विचारले तर ती नवा नियम बरोबर सांगतात. म्हणजे नियम कळलेला असतो, पण हात जुन्याच वाटेने जातो. पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना तोच खेळ जमतो.

पालकहो, या खेळात मोठा धडा आहे. "त्याला कळते, तरी तो करत नाही, म्हणजे मुद्दाम करतो," असे आपण म्हणतो. पण कळणे आणि करता येणे या दोन गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर असू शकते.

ढोबळमानाने असे समजावे. सहा-सात वर्षांच्या मुलास एका वेळी एक किंवा दोनच गोष्टी सांगाव्यात. आठ ते दहा वर्षांचे मूल दोन-तीन पायऱ्यांचे रोजचे काम करू शकते, पण मोठ्या माणसाने मधून डोकावले पाहिजे. अकरा ते तेरा वर्षांचे मूल आठवड्याची आखणी शिकू लागते, मात्र ती एकट्याने पार पाडीलच असे नाही. प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो. एकाच बागेतील, एकाच दिवशी लावलेली दोन कलमे तरी कोठे सारखी वाढतात?

आपण संत्र्याचे कलम लावतो. चार-पाच वर्षे त्याच्याकडे फळ मागत नाही. झाड वयात आले म्हणजे बहारासाठी त्याचे पाणी तोडून त्याला ताण देतो. पण दोन वर्षांच्या कलमाला कोणी ताण देतो काय? दिला तर ते वाळेल, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या वयात कलमाला आपण वेळेवर पाणी देतो आणि वाऱ्याने वाकू नये म्हणून शेजारी काठी रोवून सैल दोरीने बांधतो. मुलालाही त्या वयात अशीच काठी हवी असते. दुर्दैवाने आपण ती पाठीत घालतो.

धाकाने काय होते

"आमच्या बापाने आम्हांला बडवले, आम्ही काय बिघडलो?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आमचे सांगणे असे की, जुन्या घरात माराबरोबर आणखीही काही होते. आजा-आजी होते, काका होते, गुरांच्या वेळा होत्या, दिवस उगवायच्या आत ठरलेली कामे होती. घराची ती घडीच मुलाला सावरून धरत असे. आता घडी मोडली आहे आणि मार तेवढा उरला आहे. शाळेत मुलांस मारहाण करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. घरात कायदा पाहायला येत नाही, म्हणून घरचा विचार घरच्यांनीच करावा.

भीती व काळजी यांनी मनाचा कारभार कसा ढासळतो, याचा दाखला कास्तकारांच्याच जीवनातून मिळतो. तमिळनाडूतील विल्लुपुरम व तिरुवन्नामलै या भागांतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तपासणी काही अर्थशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञांनी केली. तिचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांस एकदा ऊसतोडीपूर्वी, हात तंगीत असताना, आणि एकदा पैसा हाती आल्यावर तशाच चाचण्या दिल्या. मन आवरण्याच्या व कोडी सोडवण्याच्या कामात तोच माणूस तंगीच्या दिवसांत कमी पडला व पैसा आल्यावर सुधारला. बुद्धी तीच होती, पण मनावर ओझे होते. संत्र्याचा सौदा अडकला असता आपणही घरात चिडतो, वस्तू विसरतो, भलत्याच गोष्टी बोलून जातो. मोठ्या माणसाचे असे होते, तर घरातील भांडण, दारू, भूक किंवा मार यांच्या धास्तीत बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलाने तेराचा पाढा ध्यानात ठेवावा, अशी अपेक्षा कशी करावी?

म्हणून मूल चुकले की "किती वेळा सांगायचे?" असे ओरडण्याऐवजी, "आता आधी काय करायचे, सांग बरं," असे विचारावे. त्याच्याच तोंडून पायऱ्या वदवून घ्याव्यात. लहान मुले काम करताना आपल्याशीच पुटपुटतात, "आता हे, मग ते." त्यांना हसू नये. रशियातील मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी दाखवून दिले की, मूल आधी दुसऱ्याच्या बोलण्याने वागते, मग स्वतःशी मोठ्याने बोलून वागते आणि शेवटी ते बोलणे मनातल्या मनात होते. ज्या घरात मुलाने नुसती ओरड ऐकली, त्याच्या मनात पुढे ओरडच घुमते. ज्याने शांतपणे मांडलेल्या पायऱ्या ऐकल्या, तो पुढे स्वतःला पायऱ्या सांगतो.

दिलेला शब्द

मन आवरण्याबाबत एक प्रयोग जगभर गाजला आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी व त्यापुढे तो केला. मुलापुढे एक मिठाई ठेवायची आणि सांगायचे, "आत्ता खाल्लीस तर एकच मिळेल. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील." जी मुले थांबली, ती पुढे अभ्यासात बरी निघाली, असे बरेच दिवस सांगितले गेले. २०१८ साली अधिक मुलांचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर हा संबंध पुष्कळच सौम्य निघाला. म्हणजे थांबणे ही निव्वळ जन्मजात देणगी नव्हे, त्यात घराचाही वाटा आहे.

तो वाटा कसा असतो, हे अमेरिकेतच रोचेस्टर येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगाने दाखवले. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्रांसाठी चांगले रंग आणून देण्याचे कबूल केले. अर्ध्या मुलांना ते आणून दिले. उरलेल्या १४ मुलांपाशी मोठे माणूस रिकाम्या हाताने परत आले. त्यानंतर मिठाई ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता, ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांचा शब्द मोडला होता, ती सरासरी ३ मिनिटे थांबली. शब्द मोडणाऱ्या माणसासाठी कोण थांबेल? ती मुले हावरट नव्हती, तर शहाणी होती.

आता आपल्या घरी पाहा. "यंदा संत्रा विकला की सायकल घेऊ," असे आपण सहज म्हणून जातो. पुढे भाव पडतो, गारपीट होते, फळगळ होते. सायकल राहते. आपल्या मनात पाप नसते, पण मुलाच्या मनात हिशेब बसतो की, थांबण्यात अर्थ नाही. यास्तव आमचे मत असे की, जे बाजाराच्या हाती आहे त्याचे वचन मुलास देऊ नये. "यंदा भाव आला तर पाहू, नाही आला तर मी तुला तसे सांगेन," असे खरेखुरे बोलावे. आणि जे आपल्या हाती आहे, त्याचे लहान वचन देऊन ते नेमके पाळावे. "गृहपाठ झाला की आपण दोघे बागेत जाऊ." "शनिवारी तुझ्या वहीला पुठ्ठा लावून देईन." शनिवारी पुठ्ठा लागलाच पाहिजे. असे पाळलेले शब्द महागड्या ट्यूशनपेक्षा अधिक कामाला येतात, असे आम्हांस वाटते.

मुलाच्या हाती काम

खेड्यातील मूल कसे घडते, याचा मोठा अनुभव आपल्या मराठी मुलखातच उपलब्ध आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. शहरी बालशाळांची महाग साधने तेथे नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, पाने, माती यांपासून साधने केली. वारली मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल जेथे आहे, जे काम करते आहे, तेथूनच त्याच्या मनाची बांधणी सुरू करावी, हा त्यामागचा विचार.

आपल्या घरी तर साधनांचा तोटाच नाही. सहा वर्षांच्या मुलाने रोज संध्याकाळी कोंबड्या मोजून खुराड्यात घालाव्यात. आठ वर्षांच्या मुलाने बिया वर्गवारीने वेगळ्या कराव्यात, अगोदर आकाराने, मग रंगाने. दहा वर्षांच्या मुलीने किंवा मुलाने आठवडी बाजाराची यादी करावी व परत आल्यावर हिशेब मांडावा. बारा वर्षांच्या मुलाला संत्र्याच्या चार झाडांची एक ओळ सोपवावी. पाणी केव्हा दिले, फुले केव्हा आली, याची नोंद त्याने वहीत ठेवावी. मात्र यात तीन अटी आहेत. काम त्याचे स्वतःचे असावे. कामाला आरंभ व शेवट असावा. आणि चुकले तर ते त्यालाच दुरुस्त करू द्यावे. आपण हातातून काम काढून घेतले की त्याचा कारभारी पुन्हा झोपतो.

मुलगे व मुली असा भेद येथे करू नये. घरोघरी मुलींना धाकट्यांना सांभाळण्याचे व चुलीचे इतके काम असते की, अभ्यासाचा कारभार पाहायला त्यांना उसंत राहत नाही. मुलाला मात्र पाण्याचा पेलाही हातात मिळतो. एकीवर ओझे व दुसऱ्याला काहीच नाही, यात दोघांचेही नुकसान होते.

काम आणि मजुरी यांतील फरकही ध्यानात ठेवावा. २०१६ च्या कायदा-दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाने घरच्या कामात मदत करायची ती शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, आणि तीही धोक्याची नसलेली. कापूस वेचणीत किंवा संत्रातोडीत पंधरा-पंधरा दिवस शाळा बुडवून मूल परत वर्गात बसले, तर त्याला मागचा धागा सापडत नाही. मग तो खिडकीबाहेर पाहतो आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात "लक्ष नाही" असे लिहून येते.

दोन भाषांचे ओझे

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. जिल्हा बदलला तरी घरची बोली मराठीच आहे आणि बहुतेक मुलांची शाळा हिंदीत आहे. दोन भाषा येणे ही चांगलीच गोष्ट आहे, तिने मूल मंद होत नाही. पण पहिली-दुसरीच्या मुलाला गुरुजींचे हिंदी वाक्य मनात धरायचे, त्याचा अर्थ लावायचा आणि मग गणित करायचे, असे तिहेरी काम पडते. मनात धरण्याची जागा त्या वयात थोडी असते, ती भाषेनेच भरून जाते.

यावर उपाय साधा आहे. घरी गणिताचा प्रश्न आधी मराठीत समजून घेऊ द्यावा, मग हिंदीत सांगायला लावावे. शाळेत सरकारने मराठी जाणणारे शिक्षक लहान वर्गांना द्यावेत, ही मागणी पालकांनी ग्रामसभेत व शाळेच्या समितीत आग्रहाने मांडली पाहिजे.

ताट, झोप आणि फवारणी

मनाच्या कारभाऱ्यालाही पोट आहे. पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व त्यांची मुले यांचा अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने के. ई. एम. रुग्णालयातर्फे १९९३ पासून चालू झाला. त्यातील काही मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी केली गेली. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले लक्ष टिकवण्याच्या कामात अधिक वेळ घेत होती आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगण्यात किंचित मागे पडत होती. सर्वसाधारण बुद्धीत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे ती मुले ढ नव्हती, त्यांच्या कारभाऱ्याला कमी पोसले गेले होते.

ब-१२ हे दूध, दही, ताक, अंडी, मासे व मांस यांत असते. भाजी-भाकरीत ते नसते. आपल्यातील कित्येक घरी दूध सगळे विक्रीला जाते आणि अंडी बाजारात जातात. गरोदर बाईच्या व शाळकरी मुलाच्या वाटचे दूध-ताक आधी काढून मग उरलेले विकावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, लहानांस गुलाबी व मोठ्यांस निळ्या. जंताची गोळीही मिळते. या गोळ्या मुले फेकून तर देत नाहीत ना, हे पाहावे.

सहा ते बारा वर्षांच्या मुलास रात्री नऊ ते बारा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. रात्री अकरापर्यंत मोबाईल पाहणारे मूल सकाळी शाळेत शरीराने तेवढे असते. मोबाईल ठेवण्याची घरात एक ठरलेली जागा व वेळ असावी, आणि ती बापालाही लागू असावी.

फवारणीबद्दल तर दोन मते असूच नयेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या कुटुंबांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्या आयांच्या शरीरात गरोदरपणी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचे अंश जास्त आढळले, त्यांची मुले सातव्या वर्षी बुद्धीच्या व मनात धरून ठेवण्याच्या चाचण्यांत सरासरीने मागे होती. आपल्याकडे वापरात असलेली क्लोरपायरीफॉस व प्रोफेनोफॉस ही औषधे याच गटातील. पंप भरायला मुलास बोलावू नये. गरोदर बाईने फवारणीच्या दिवशी वावरात जाऊ नये. औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नयेत. फवारणी करून आलेल्याने अंघोळ केल्यावाचून व कपडे बदलल्यावाचून लेकरू कडेवर घेऊ नये.

जाणते वय

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शांतपणे बसला असता मोठ्या माणसासारखा विचार करू शकतो. पण सोबती भोवती जमले की त्याचा कारभारी बाजूला सारला जातो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेरा ते सोळा वर्षांची मुले मोटार चालवण्याच्या खेळात मित्र पाहत असताना एकट्याने खेळण्यापेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करत होती. चोविशीच्या पुढील माणसांवर मित्रांच्या हजेरीचा तसा परिणाम दिसला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. दरवर्षी माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. परंपरेचा वाद येथे करायचा नाही. पण "जाऊ नको, डोके फुटेल" हे घरी बसून त्या मुलाला पुरते पटते आणि काठावरच्या गर्दीत ते सगळे विरते, एवढे पालकांनी ओळखावे. त्या दिवशी उपदेशावर भिस्त ठेवू नये. मुलाला मामाच्या गावी न्यावे, किंवा घरी त्याच्या मित्रांसह काही काम व जेवण ठेवावे. मोटरसायकलची किल्ली, दारू, खर्रा यांबाबतही हीच रीत. ज्या वयात मन आवरत नाही, त्या वयात मोह दूर ठेवणे हे मोठ्यांचे काम आहे.

काठी केव्हा सोडावी

हे सर्व करूनही एखादे मूल आपल्या वयाच्या मुलांहून फारच मागे राहत असेल, घरी व शाळेत दोन्हीकडे क्षणभरही स्थिर बसू शकत नसेल, तर त्याला शिव्या न देता बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. आधी कान व डोळे तपासून घ्यावेत. कित्येकदा फळा दिसत नसतो आणि आपण म्हणतो लक्ष नाही.

काही पालक उलट टोकाला जातात. दप्तर आई भरते, गृहपाठ ताई लिहिते, अर्ज बाप करतो. अशा मुलाला काठी कायमचीच लागते. कलमाचे खोड जाड झाले की आपण दोरी सैल करतो, पुढे काठी काढून घेतो. तसेच येथे करावे. पहिल्या महिन्यात मुलासोबत बसून दप्तर भरावे. दुसऱ्या महिन्यात नुसते विचारावे. तिसऱ्या महिन्यात विचारूही नये. विसरला तर एक दिवस गुरुजींचे बोलणे खाऊ द्यावे. पुन्हा गडबडला तर पुन्हा थोडे दिवस जवळ बसावे. त्यात हार नाही.

कास्तकार बंधूंनो, पाच वर्षे फळ न देणाऱ्या झाडाला आपण खत-पाणी घालतो व कधी त्याला ढ म्हणत नाही. आपल्या लेकरांना पंचवीस वर्षे लागतात. तेवढा धीर त्यांच्यासाठी ठेवावा आणि पाचवीच्या निकालावरून त्यांचा निकाल लावू नये.